न पाहता वाचलेली पुस्तकं

बाबाराव गुरुजींना दिसत नाही, ही गोष्ट खैरधरीत दोघांनाच माहीत होती. एक ते स्वतः आणि दुसऱ्या त्यांच्या घरच्या तानाबाई. निदान गुरुजींची तरी तशी समजूत होती. तिसऱ्याही एका जिवाला ती ठाऊक होती आणि तो जीव अवघ्या आठ-नऊ वर्षांचा होता, हे त्यांना फार उशिरा कळलं.

तसं पार आंधळेपण नव्हतं. माणूस ओळखू यायचा, रस्ता दिसायचा, सायकलही चालवता यायची. पण अक्षरं गेली होती. पान उघडलं की ताकात फोडणी सांडावी तसं काहीतरी काळं काळं तरंगायचं. तानाबाई म्हणायच्या, "अजी, आपल्या पोराले, अश्विनले फोन लावा अन् नागपूरले जाऊन डोळे दाखवून या." गुरुजी म्हणायचे, "मोतीबिंदू पिकू दे वं. कच्चा काढू नाई." हे शास्त्र त्यांच्या बापाचं. छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, पण स्वतःच्या डोळ्याला हत्यार लागायची वेळ आली तेव्हा त्याला बापाचंच शास्त्र पटलं.

खरं कारण वेगळं होतं, आणि ते शनिवारचं होतं.

नोकरी संपवून गुरुजी गावी येऊन बसले आणि दोन वर्षांत टाळेबंदी आली. शाळेला कुलूप लागलं. गावात मोबाइल होते, पण रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर. पोट्टे दिवसभर टाकीवर चढून बसायचे, अभ्यास सोडून बाकी सगळं बघायचे. तेव्हा गुरुजींनी शाळेची पुस्तकपेटी मागून आणली, पारावरच्या कडुनिंबाखाली हातभर अंतरावर पोती अंथरली आणि रोज सकाळी पोरांना गोष्टी वाचून दाखवायला लागले. पेटीत एकेचाळीस पुस्तकं. दीड-दोन वर्षांत प्रत्येक पुस्तक इतक्या वेळा वाचून झालं की गुरुजींना ती सगळी तोंडपाठ झाली. पुढे शाळा उघडली, पण दर शनिवारी शाळेत 'गुरुजीचा तास' कायम राहिला. त्याच सुमारास अक्षरं विरत गेली, आणि काही अडलंच नाही. मुखपृष्ठाचा रंग बघून पुस्तक ओळखायचं, मांडीवर उघडं धरायचं, सुरू करायचं. हा तास बंद झाला असता तर पोरांचं काय गेलं असतं कोण जाणे. गुरुजींचं मात्र सगळंच गेलं असतं.

त्या तासाला त्यांच्या डाव्या गुडघ्याला खेटून एक पोरगी बसायची. गुंजन. फाट्यावरच्या गजेंद्र किराणावाल्याची थोरली. तिचं पहिलीत नाव घातलं त्याच जूनमध्ये शाळा बंद होती. पहिलीचा फळा तिने पाहिला नाही, दुसरीचाही अर्धामुर्धाच. तिची शाळा म्हणजे कडुनिंब, पोतं आणि गुरुजींचा आवाज. ती पुस्तकाच्या कडेला हात ठेवून बसायची आणि वेळ झाली की पान उलटायची. गुरुजींना वाटायचं, पोरीला पुढच्या पानाची घाई.

तिसरीत असताना एका शनिवारी गुरुजींचा घसा बसला होता. गुंजन म्हणाली, "गुरुजी, आज मी वाचू?" आणि तिने शेळीचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. शेळी एकटीच बाजाराला जाते, तिथे तिची लई फजिती होते, अशी ती गोष्ट. कुठे थांबायचं, कुठे आवाज बारीक करायचा, शेळीने 'अगं बाई' कसं म्हणायचं, सगळं पोरीला येत होतं. पोरं हसून हसून लोळली. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या डोळ्यांत तसंही दुसरं काही येत नव्हतं.

शाळेत चार वर्गांना दोन शिक्षक. हर्षा मॅडम भल्या बाई, पण अर्धा दिवस त्यांचा माहिती भरण्यात जायचा. वर्गाच्या भिंतीवर वाचनाचा तक्ता होता. अक्षर, शब्द, वाक्य, उतारा आणि सगळ्यात वर गोष्ट. ज्याला जेवढं वाचता येईल त्या पायरीवर त्याच्या नावाचं कागदी पान चिकटवायचं. मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हाला पोरांची नाडी माहीत आहे. चाचणी तुम्हीच घ्या, मी पानं चिकटवते." गुरुजी पोरांच्या हातात पेटीतली पुस्तकं द्यायचे आणि कान देऊन ऐकायचे. अडखळला तर खालची पायरी, घडघड वाचलं तर वरची. गुंजनचं पान 'गोष्ट'वर लागलं. कोणी साहेब आले की मॅडम तिलाच उभी करायच्या. साहेब टाळ्या वाजवायचे. गुरुजी खुर्चीत बसून मान डोलवायचे.

चौथी झाली. गावात पुढची शाळा नाही, म्हणून गुंजनचं नाव पाचवीला कारंज्यात घातलं. आणि त्याच उन्हाळ्यात अश्विनने बापाचं काही ऐकून न घेता त्याला गाडीत घातलं आणि नागपूरला नेऊन दोन्ही डोळ्यांचं काम करून आणलं.

पट्टी निघाल्यावर गुरुजींनी घरी येऊन तानाबाईंकडे नीट पाहिलं. "तू एवढी कधी पिकली वं?"

"तुमचा मोतीबिंदू पिकून राह्यला होता ना," तानाबाई म्हणाल्या, "मी म्हटलं आपण भी पिकून घ्यावं."

जुलैच्या पहिल्या शनिवारी गुरुजी शाळेत गेले ते लग्नघरी जावं तसे. पेटीतून शेळीचं पुस्तक काढलं. आता अक्षर न् अक्षर उठून दिसत होतं. त्यांनी खरोखर वाचायला सुरुवात केली. "मग शेळीने बाजारात मुळ्याची एक जुडी घेतली."

"गुरुजी, चुकले!" दुसरीतला निकेश ओरडला. "भजे! पावशेर भजे घेते ना ते!"

"पावशेर भजे! पावशेर भजे!" सगळा वर्ग ओरडायला लागला.

गुरुजींनी पान डोळ्यांजवळ नेलं. मुळ्याचीच जुडी होती. चित्रातही हिरवा मुळाच होता. भजी त्यांची स्वतःची. अक्षरं विरल्यावर कधीतरी तोंडात आली असतील आणि पोरं हसली म्हणून राहून गेली असतील. पुढच्या पानावर आणखी दोन ठिकाणी तसंच. गुरुजी हसले आणि म्हणाले, "बरं बाबा, भजेच घेते. शेळीची मर्जी."

घरी येताना मात्र त्यांची सायकल आपोआप मंद झाली. मार्चमध्ये साहेबांसमोर गुंजनने हेच पुस्तक वाचलं होतं. पुस्तक उघडं, बोट ओळीखाली. आणि तिनेही पावशेर भजीच म्हटली होती.

तिने मुळा वाचायला पाहिजे होता.

पोरांना भजीच आवडतात, म्हणून म्हणाली असेल, असं त्यांनी मनाला समजावलं. दुसऱ्या दिवशी फाट्यावर जाऊन पोरीला विचारू, असंही ठरवलं. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. तिसऱ्या दिवशी पोरगी शाळेत गेली असेल असं वाटलं. माणसाला जिथे जायचं नसतं तिथे जायला त्याला कधीच सवड होत नाही. जुलै गेला, पोळा गेला, दसरा आला.

सहामाही परीक्षा झाल्यावर एका दुपारी गजेंद्र स्वतःच आला. दुकान उघडं टाकून. असं तो मयतीलासुद्धा करत नसे.

"गुरुजी, तुमी हे वाचा," त्याने गुंजनची डायरी पुढे केली. नव्या शाळेच्या बाईंनी लाल शाईत लिहिलं होतं. 'गुंजनला वाचता येत नाही. अक्षरओळख नाही. पालकांनी येऊन भेटावे.'

"कोन्या पोरीचं कोन्या पोरीच्या डायरीत लिवलं त्यायनं," गजेंद्र म्हणाला. "साठ-साठ पोट्टे एका वर्गात, व्हनारच असं. पन आता हे पोरगी आठ दिवस झाले शाळेतच जाऊन नाई राह्यली. पोटात दुखते म्हनते. डॉक्टर म्हनते काईच नाई. तुमी एक काम करा, दोन ओळी लिवून द्या मले. का हे पोरगी खैरधरीच्या शाळेत सगळ्याइच्या वरच्या पायरीवर होती म्हनून. तुमची सही पाह्यली का बोलती बंद व्हते त्यायची."

गुरुजींच्या हातात पेन होतं. त्यांनी ते खिशाला लावलं. "आधी पोरीला भेटतो," ते म्हणाले.

अश्विनने नागपूरहून आणलेलं एक नवं कोरं पुस्तक कपाटात होतं. गावात कोणीच पाहिलेलं नव्हतं. ते त्यांनी पिशवीत घातलं.

दुकानाच्या मागे पडवीत गुंजन शेंगा निवडत बसली होती. तीन महिन्यांत पोरगी वाळली होती. गुरुजींना पाहून तिने ओढणीला हात पुसले, पाया पडली आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघून म्हणाली, "झालं का आपरेशन? आता चांगलं दिसते?"

"चांगलं दिसते बेटा. हे घे, तुझ्यासाठी आणलं. वाचून दाखव बरं मले."

तिने पुस्तकाचा वास घेतला. मग एकेक करून सगळी पानं उलटून सगळी चित्रं पाहिली. आधीही ती असंच करायची. गुरुजींना त्यात पुस्तकाचं वेड दिसायचं. मग तिने पहिलं पान काढलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागली.

"एका गावात एक म्हातारा होता. त्याची सायकल त्याच्यावर रुसली होती. ती म्हणायची, तू माझ्यावर रोज दुधाचे डबे लादतोस, पण मला कधी कुठं फिरायला नेत नाहीस…"

पानावर लिहिलं होतं, 'दामूकाका रोज पहाटे सायकलवरून दूध वाटायला जात.'

गुरुजी तिच्या खांद्यावरून पानाकडे बघत राहिले. तिचं बोट ओळीखालून सरळ जात होतं, ओळ संपली की खाली येत होतं. पान संपलं की तिचं वाक्यही संपत होतं. कुठे गडबड नाही, कुठे अडखळणं नाही. सायकल म्हाताऱ्याला सोडून एकटीच निघून गेली. तिला एक कुत्रा भेटला. मग सायकलीला दुधाच्या डब्यांशिवाय फार हलकं हलकं आणि एकटं वाटायला लागलं आणि ती परत आली. गुरुजींनी सबंध गोष्ट ऐकली. मध्ये तोडायचा त्यांना धीर झाला नाही. गोष्ट सुरेख होती, छापलेल्या गोष्टीपेक्षा कितीतरी सुरेख. त्यातला एकही शब्द पुस्तकात नव्हता.

"शाब्बास," ते सवयीने म्हणाले. मग त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय आहे बेटा?"

तिने चित्राकडे पाहिलं. "सायकल."

'दूध' होतं.

"अन् हे?"

तिने ढिगातली एक शेंग उचलून बाजूला टाकली. मग तिने हळूच विचारलं, "आता तुमाले सगळंच दिसते का, गुरुजी?"

"हो."

"मंग आता तुमी पह्यल्यासारखं नाई वाचत?"

"पह्यल्यासारखं म्हणजे?"

"पान पाहाचं अन् आठवाचं. तुमी असंच वाचत होते ना. तुमचं बोट दुसऱ्याच ओळीवर राहे. पान संपलं तरी तुमाले समजत नव्हतं, मीच पलटवत होती. एक डाव तं पुस्तक उलटं होतं, म्याच सरळ केलं." ती त्यांची समजूत काढावी तशी बोलत होती. "म्या कोनालेच नाई सांगतलं गुरुजी. मायले भी नाई. मले वाटे, वाचनं असंच असते. मोठ्या मानसाइच्या ध्यानात लय पुस्तकं राह्यते, लहान्याइच्या ध्यानात कमी राह्यते. चित्र पाह्यलं का आठोते. पन तिथच्या बाईनं जे पान देलं ना," तिचा आवाज बारीक झाला, "त्याच्यात चित्रच नव्हतं. म्या लय आठवलं. काईच नाई आठोलं. मंग पोट्ट्या हासल्या."

गुरुजी उठले. काय बोलून उठले ते त्यांना नंतर आठवेना. पुस्तक तिथेच राहिलं.

घरी येऊन त्यांनी तानाबाईंना सगळं सांगितलं. बाईंनी भाकरी थापणं थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि तवा उतरवता उतरवता म्हणाल्या, "मोतीबिंदू पिकू द्या म्हनत होते ना. घ्या. पिकला."

त्या दिवशी गुरुजी जेवले नाहीत आणि तानाबाईंनी आग्रहही केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते फाट्यावर गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. गजेंद्र होता, त्याची बायको रीता तागडीत साखर तोलत होती, गुंजन दाराआड होती. गुरुजी उभ्या उभ्याच बोलले. "गजेंद्र, बाईंनी लिहिलं ते खरं आहे. पोरीला वाचता येत नाही. आणि चूक तिची नाही, माझी आहे. तीन वर्षं मले अक्षर दिसत नव्हतं. मी पाठ म्हणत होतो आणि वाचतो म्हणून सांगत होतो. तिनं तेच उचललं. चाचणी मीच घेतली. न पाहता घेतली."

गजेंद्रने हाक मारली, "गुंजे! इकडं ये. गुरुजी काय म्हनून राह्यले? त्यायले दिसत नव्हतं?"

गुंजन पुढे आली. तिने गुरुजींकडे पाहिलं नाही. "नाई बाबा," ती म्हणाली. "गुरुजीले सगळं दिसत होतं. म्याच लबाडी केली. पाठ करून ठेवत होती."

"खोटं बोलू नको बेटा," गुरुजी म्हणाले.

"म्याच केली," ती म्हणाली.

गजेंद्रचा हात उठला. रीताने तो मधेच धरला. तोलातली साखर फरशीवर सांडली. "पाह्यलं गुरुजी?" गजेंद्र धापा टाकत म्हणाला. "तुमी देवमानूस. हिचं पाप आपल्या डोक्यावर घ्याले आले. बापाच्या तोंडाले काळं फासलं ह्या पोरीनं. गावभर सांगत होतो मी, माई पोरगी साहेबासमोर वाचते म्हनून."

गुरुजींनी पुन्हा सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं. जेवढं सांगावं तेवढा गजेंद्र त्यांच्या पायाशी वाकत होता. छत्तीस वर्षांच्या मास्तरकीची कमाई होती ती. गुरुजी खोटं बोलत नाहीत, हे सगळ्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं की या एका खरेपणापायी त्यांना कोणी खरं मानेना.

आणि एक गोष्ट त्यांनी तानाबाईंनासुद्धा कधी सांगितली नाही. पोरगी 'म्याच केली' म्हणाली तेव्हा, एका पापणीच्या उघडझापीएवढा वेळ, त्यांना हायसं वाटलं होतं.

रीताचा भाऊ आष्टीला होता. त्याची बायको बाळंतीण, घरात हाताखाली कोणी नव्हतं. ठरलं की भाऊबीज झाली की गुंजनला तिकडे पाठवायचं. "तिथं टाकू नाव शाळेत," रीता म्हणाली. "शिकली तं शिकली. नाई तं घर तं पाहीन. इथं लोकं हासून राह्यले तिले." गुरुजींनी तेवढे दिवस मागून घेतले. रोज दुपारी चारला पोरगी त्यांच्या ओसरीवर येईल. गजेंद्र म्हणाला, "तुमची इच्छा. पन दगडावर पानी हाय ते."

दगड नव्हता. उलट झालं होतं. तिची आठवण तिच्या डोळ्यांच्या फार पुढे धावायची. गुरुजींनी अक्षरांचा तक्ता लावला, तर दोन दिवसांत तिने तो जागांसकट पाठ केला. तिसऱ्या दिवशी त्यांनी अक्षरं मागेपुढे केली, तर तिला एकही सांगता येईना. 'कमळ' लिहिलं तर ती 'क' बघून 'कपाट' म्हणायची, 'कणीस' म्हणायची, आणि गुरुजींच्या चेहऱ्याकडे बघत राहायची, कोणत्या शब्दाला तो उजळतो म्हणून. तिला तो चेहरा चांगला वाचता येत होता.

गुरुजींनी पुस्तकं आत ठेवून दिली. मिठाची पुडी आणली. "मीठ," ती पटकन म्हणाली. गुरुजी हरखले. मग त्यांच्या लक्षात आलं, दुकानदाराची पोरगी ती, तिला गावातली प्रत्येक पुडी रंगावरून ओळखू येते. चहा, साबण, खताची पिशवी, काडीपेटी. छापलेलं जे जे म्हणून खैरधरीत होतं, ते ते तिला आधीच माहीत होतं. शेवटी गुरुजींनी पाटीवर असे शब्द लिहायला सुरुवात केली की जे कोणालाच आठवणार नाहीत. टमप. गकोर. भूसाली.

गुंजनने एकेक अक्षर जुळवलं. घाम फुटला तिला. "ट… म… प. टमप." बरोबर होतं. पहिल्यांदा, खरोखर, डोळ्यांनी वाचलेलं.

"शाब्बास! अगदी बरोबर!"

"टमप म्हंजे काय, गुरुजी?"

"काही नाही. नुसतं वाचायचं."

"त्याच्यात काईच नाई?"

"नाही."

तिने पाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मंग वाचाचं कायले?"

चार वर्षं गुरुजी तिला सांगत आले होते की काळ्या अक्षरांच्या आत गंमत असते. आता ते तिला ज्यात काहीच नाही असं वाचायला लावत होते, कारण ज्यात काही आहे ते तिला वाचता येत नव्हतं. त्यांनी पाटी पुसली आणि खाली लिहिलं, 'नपड'.

ती रोज आली. एकही दिवस चुकली नाही, एकदाही रडली नाही. तानाबाई वाटीत चिवडा आणून ठेवायच्या, तो तसाच राहायचा. दोन अक्षरी जमलं, तीन अक्षरी जमलं, काना-मात्रा जमायला लागल्या. पण आवाज गेला. ज्या आवाजात शेळी 'अगं बाई' म्हणायची तो कुठे गेला, गुरुजींना कळेना. आता ती वाचायची ते खडे वेचल्यासारखं, एकेक अक्षर उचलून बाजूला टाकत. एका संध्याकाळी ती घरी निघाली तेव्हा निकेश आणि दोन-तीन पोट्टे तिच्यामागे लागले. "गुंजनदीदी, गोष्ट सांग ना! शेळीची सांग ना वं!"

"मले नाई येत," ती म्हणाली आणि चालायला लागली.

गुरुजी ओसरीवरून ऐकत होते. ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच वाटत होतं.

जोडाक्षरं अगदी शेवटच्या दोन दिवसांत झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रीता तिला घेऊन निघाली. गुरुजी म्हणाले, "कारंज्यापर्यंत मी येतो." तानाबाई म्हणाल्या, "जा. येताना दवाखान्यात थेंब घ्याजो डोळ्यातले." एवढंच बोलून त्या आत गेल्या.

कारंज्याचं स्टँड माणसांनी आणि पिशव्यांनी भरलेलं. माहेराहून सासरी, सासरहून माहेरी, सगळी दुनिया त्या दिवशी रस्त्यावर होती. रीता तिकिटाचे सुटे पैसे करायला रसाच्या गाडीकडे गेली. गुंजन नवा फ्रॉक घालून, कपड्यांची पिशवी छातीशी धरून उभी होती. गुरुजी तिच्याजवळ वाकले.

"बेटा, तीन गाड्या उभ्या आहेत. कोणाले विचारू नको. पाटी पाहा आणि मले सांग, आपली कोणती?"

तिने मान वर केली. तीन गाड्या, तीन पाट्या. एक नागपूरची. बाकीच्या दोन्ही पाट्या 'आ'नेच सुरू होणाऱ्या. एक आर्वीची, एक आष्टीची. पहिल्या अक्षरावर भागण्यासारखं नव्हतं. पुढे जावंच लागणार होतं. तिचे ओठ हलले. "आ…" डोळे बारीक झाले, कपाळावर आठी आली. पिशवीवरचं बोट हवेत उचललं गेलं, ओळीखाली ठेवावं तसं. ते सरकलं. "आ…"

"चला आष्टी, आष्टी, आष्टी!" पलीकडून कंडक्टर ओरडला. "आष्टीवाले बसून घ्या!"

"आष्टी," गुंजन म्हणाली.

तिचं बोट बरोबर गाडीवर होतं. तिने गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पहिल्यासारखंच, तो उजळतो का बघायला.

तिने वाचलं होतं की ऐकलं होतं? बोट आधी गेलं की हाळी आधी आली? गुरुजींना सांगता आलं नसतं. डोळे त्यांचे उघडे होते, दिसतही लख्ख होतं, आणि तरी त्यांना ते दिसलं नव्हतं.

"शाब्बास," ते म्हणाले.

ती हसली नाही. मान हलवून तिने ते घेतलं, देतील ते घ्यायचं म्हणून घ्यावं तसं. रीता धावत आली, "चाल वं, जागा जाईन," म्हणाली आणि तिला पुढे ढकललं. पोरगी पायरी चढली, माणसांत दिसेनाशी झाली, मग मागच्या एका खिडकीत दिसली. गाडी भरेपर्यंत आणखी पाच-सात मिनिटं तिथेच उभी होती. शेजारी आर्वीची गाडीही तशीच उभी, पाटी पुढे करून. गुरुजींना खिडकीपाशी जाऊन नुसतं विचारता आलं असतं, 'अन् ते कोणती वं, गुंजन?' तेवढ्यात सगळं कळलं असतं.

ते गाडी हलेपर्यंत तिथेच, दहा पावलांवर उभे राहिले. विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.